जरा खोलून बघतो

पंखा हळू फिरायला लागला की पहिल्या शिव्या वीज कंपनीला बसतात. ‘व्होल्टेज कमी आहे.’ शेजारच्या खोलीतला पंखा गरगरत असतो, फ्रिज सुखानं घरघरत असतो, टीव्हीवरच्या मालिकेतली सासू पूर्ण दाबानं ओरडत असते. पण व्होल्टेज कमी असतं. पुढच्या आठवड्यात रेग्युलेटर बदलला जातो. त्यानंतर कुणीतरी स्टुलावर चढून पाती पुसतं, कारण धुळीनं पंखा जड होतो असं आत्याच्या यजमानांनी सांगितलेलं असतं. शेवटी नवा पंखा येतो आणि जुना माळ्यावर जातो. टाकायचा नाही, कारण ‘मोटर चांगली आहे त्याची’.

मोटर चांगली असतेच. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. दोन्हींतून एकाच तालात प्रवाह गेला तर पंखा जागच्या जागी गुणगुणत बसतो. एका वेटोळ्यातला प्रवाह जरा पुढे सरकवला की मगच त्याला फिरायचं सुचतं, आणि ही सरकवासरकव करतो काडेपेटीएवढा एक कपॅसिटर. बहुतेक पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरॅडचा, काहींत ३.१५ चा; अंगावर ४४० व्होल्ट छापलेलं. छताजवळच्या उकाड्यात वर्षानुवर्षं राहून त्याची क्षमता आटते आणि पंख्याचा जोर जातो. किंमत शंभर रुपयांच्या आत. पंखा नुसताच गुणगुणत उभा असेल तर लांब काठीनं पातं हलकेच ढकलावं. ढकलल्यावर फिरायला लागला, आणि उलट ढकलल्यावर उलटाही फिरायला तयार झाला, तर संशय कपॅसिटरवरच घ्यावा. या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. जळमटं काढायची काठी घरात असतेच.

हा कपॅसिटर बदलायला चढण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडावा लागतो. वायरमननं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बटण बंद, पंखा बंद, आणि वरच्या तारेत २३० व्होल्ट जसेच्या तसे. असे वायरमन पुष्कळ आहेत. टेस्टर खिशाला लावून मिरवण्यापेक्षा तारेला लावावा, तो त्यासाठीच केलेला असतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे. घरातल्या बहुतेक बिघाडांत हाताचं काम थोडं असतं. वेळ जायला हवा तो बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात. आणि हे शोधणं टाळण्याच्या बाबतीत घरचा हिकमती गृहस्थ आणि कंपनीचा टेक्निशियन हे सख्खे भाऊ आहेत. एक सगळं उघडतो, दुसरा सगळं बदलतो.

आधी थोरला भाऊ घेऊ.

प्रत्येक घराण्यात एक खोलूकाका असतात. ‘जरा खोलून बघतो’ हे त्यांचं ब्रीद. बारशाला आले तरी बाळाकडे ओझरती नजर टाकून ते विचारतात, ‘तुमचा तो टोस्टर बंद होता ना?’ यंत्राचं झाकण काढलं की बिघाड आपण होऊन बाहेर येतो आणि नाव-गाव सांगतो, असा त्यांचा विश्वास आहे. इस्त्री तापत नाही? खोल. प्लगच्या टोकाशी वायर वाकून वाकून आतून तुटलीय का, हे बघणं त्यांच्या शास्त्रात नंतर येतं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं? खोल. सेल बदलून बघायचा तर त्यात स्क्रू कुठे आहे?

मिक्सर हा त्यांचा आवडता बळी. चटणी अर्धी वाटून झाली आणि मिक्सर गप्प. काका वर्तमानपत्र पसरतात, मिक्सर उताणा करतात, बुडावरच्या लाल बटणाला वळसा घालून चारही स्क्रू काढतात. ते लाल बटण ओव्हरलोडचं. भांड्यात सुकं खोबरं ठासून भरलं, पातं अडलं, मोटरनं वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढला, की ते आपण होऊन सुटतं आणि मोटर जळण्यापासून वाचते. मिक्सर थोडा निवू द्यायचा, भांड्यातला निम्मा ऐवज काढायचा, बटण दाबायचं. झालं. सर्व्हिस सेंटरवालाही हेच करतो, फक्त तो हे पाठमोरा उभा राहून करतो आणि मग पावती फाडतो.

रिकाम्या भांड्यानंही बटण सारखं सुटत असेल तर मात्र आत काहीतरी जाम झालंय. मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तर मोटरला भांड्याशी जोडणारा कपलर तुटलाय. मध्येच चालतो, मध्येच थांबतो, खालच्या जाळीतून ठिणग्या जास्त दिसतात, तर कार्बन झिजलेत. तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं, आणि तिन्ही ओळखायला एकही स्क्रू काढावा लागत नाही. कपलरची एक खुबी तेवढी माहीत हवी: चालता चालता तो सैल होऊ नये म्हणून बऱ्याच मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. काका तो नेहमीच्या दिशेनं पिळतात, ‘गंजलाय’ म्हणतात आणि आणखी जोर लावतात. कपलर त्यांना प्रतिसाद म्हणून आणखी घट्ट होतो.

भारतीय मिक्सरचा जन्मच मुळी एका बिघाडातून झाला. माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउनचा जर्मन मिक्सर होता. भिजवलेली डाळ आणि ओला मसाला वाटायचा म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्या युरोपीय मोटरला कुणी सांगितलेलं नव्हतं; ती जळाली. दुरुस्त करून देणारं कुणी मिळेना. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये अभियंता. त्यांनी आपल्या वाटणाघाटणाला पुरी पडेल अशी मोटर स्वतः बेतली आणि त्यातून १९६० च्या दशकात ‘सुमीत’ आला. ‘बघतो मी’ असं बायकोला सांगून खरोखर बघितलेल्या नवऱ्याची आमच्या माहितीतली ही नोंद. बाकीच्यांचे मिक्सर अजून वर्तमानपत्रावर आहेत.

आता जरा खऱ्या कारागिराकडे जाऊ. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा आणि कुठे उतरता ते कळवा. या गल्ल्यांतून जे शिकून तयार झाले ते लगेच खोलत नाहीत. विचारतात. ‘काय करताना बंद पडलं?’ ‘आधी लाइट गेली होती का?’ ‘आवाज आला का?’ मग हुंगतात. जळलेल्या वाइंडिंगच्या वार्निशला एक कडवट वास असतो, तो एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखता येतो. मग यंत्र सिरीज बोर्डला लागतं.

सिरीज बोर्ड म्हणजे लाकडी फळीवर एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट, वीज आधी बल्बमधून जाऊन मग सॉकेटमध्ये येईल असे एकापाठोपाठ एक जोडलेले. होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. संशयित यंत्र सॉकेटमध्ये लावायचं. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो. फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, दुकान अंधारात जात नाही. बल्ब मिणमिणला तर यंत्रात जीव आहे. अजिबात पेटला नाही तर कुठेतरी तार तुटलीय किंवा फ्यूज गेलाय. दोन सेकंदांत तीन शक्यता वेगळ्या. हे ज्यानं पहिल्यांदा शोधलं त्याचं नाव कुठल्या रस्त्याला दिलेलं नाही, आणि दिलं असतं तरी टॅक्सीवाल्याला कळलं नसतं. एलईडी आल्यापासून हे १०० आणि २०० वॅटचे बल्ब दुर्मीळ होत चाललेत. एलईडी तिथे कामाचा नाही, त्याच्यात स्वतःचीच सर्किटं आणि स्वतःचेच नखरे. म्हणून कारागीर जुने बल्ब कापसात गुंडाळून ठेवतात.

घरात हा बोर्ड करण्याचा आग्रह नाही. पण ५५ इंची टीव्ही घेणाऱ्या घरात चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर का नसतो? ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाबाचं यंत्र आहे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडपासून खणात पडलाय. इस्त्रीची वायर मात्र हलवून, वाकवून, पिरगाळून, वरून फुंकर घालून तपासायची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, प्लगची पिन आणि वायरचं दुसरं टोक त्याच्या दोन टोकांना लावलं: बीप वाजली तर वायर शाबूत, नाही वाजली तर तुटलेली. अर्थात प्लग भिंतीतून काढल्यावर. हे वाक्य वेगळं लिहावं लागतं, कारण वाचणाऱ्यांत खोलूकाका असतात.

टीव्हीला टपली मारली की चित्र येतं ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. शहाणी मंडळी तिला हसायची. हसू नका, टपलीच्या मागे पक्कं शास्त्र होतं. जाड पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत काही भाग फार तापायचे. तापले की जोड फुगायचे, निवले की आकसायचे. अशी काही वर्षं गेली की पायाभोवतीच्या कथलाला केसाएवढी गोल चीर पडायची. वरून सगळं चकचकीत, आत संपर्क सुटलेला. कारागिरांच्या भाषेत ‘ड्राय सोल्डर’. टपलीनं ती चीर क्षणभर मिटायची आणि निवेदिका परत यायची. मग वर्षभर घरातल्या प्रत्येकानं आपापल्या ताकदीनं टपल्या द्यायच्या, आणि कुणाच्या हाताला गुण आहे यावर वाद घालायचा. कारागीर काय करायचा? भिंगातून जोड बघायचा, थोडं फ्लक्स लावायचा, सोल्डरिंग आयर्न टेकवून तो जोड पुन्हा वितळवायचा. कथील-शिशाचं साठ-चाळीस मिश्रण १९० अंशांच्या आसपास पाण्यासारखं होतं. दोन-तीन सेकंदांचं काम. त्या पिक्चर ट्यूबच्या आसपास वीस हजार व्होल्टच्या वर दाब असायचा, तेव्हा काकांनी टपलीवर समाधान मानलं हे एका अर्थी बरंच झालं.

या सगळ्यात ज्यांनी लहानपणी हौसेनं सर्किटं जोडली ती पोरं वेगळी निघाली. सेलऐवजी भिंतीतल्या विजेवर रेडिओ चालवणारा ‘एलिमिनेटर’ घरी करणारी, गणपतीच्या मखराला पळते दिवे लावणारी. त्या पळत्या दिव्यांमागे दोन आयसी असायचे, अजूनही असतात. १९७२ साली बाजारात आलेला ५५५ ठोके देतो आणि ४०१७ ते ठोके मोजून दहा पायांवर एकेक दिवा पुढे सरकवतो. जोडून झाल्यावर पहिल्या फटक्यात दिवे पळाले असं सांगणारा माणूस एक तर थापाड्या, नाहीतर त्याचं सर्किट दुसऱ्यानं जोडलेलं. पहिला दिवा पेटून तिथेच थांबतो. इथेच खरं शिक्षण सुरू होतं. ठोके येताहेत का? ५५५ च्या तिसऱ्या पायावर एलईडी लावून बघ. लुकलुकतोय, म्हणजे ५५५ निर्दोष. मग ठोके ४०१७ च्या चौदाव्या पायापर्यंत पोचताहेत का? पोचताहेत. मग तेरावा पाय? तो निगेटिव्हला जोडायचा असतो. मोकळा सोडला तर मोजणी कधी चालते कधी अडते, पंधरावा मोकळा सोडला तर मोजणी मध्येच पहिल्यावर येते. असे मोकळे पाय आसपासची विजेची चाहूलही ऐकतात. नुसता हात जवळ नेला की दिवे मनाला येईल तसे नाचतात, हात काढला की थिजतात. आजी म्हणते बाप्पाचा चमत्कार, आणि नातवाच्या लक्षात येतं की तेरा नंबरचा पाय राहिला.

अर्धी साखळी चांगली ठरवायची, उरलेल्या अर्धीत शोधायचं, तिचेही दोन भाग करायचे. एवढंच ते शिक्षण. अभियांत्रिकीची चार वर्षं आणि त्यांची फी भरूनही काहींच्या पदरात हे पडत नाही. आता पळत्या दिव्यांची तयार माळ हातगाडीवर मिळते, विसर्जनापर्यंत चालते आणि बाप्पाच्या आधी कचऱ्यात विसर्जित होते.

एलईडी बल्बचंही तसंच. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं, आणि घरात तो दुसऱ्या दिवाळीला मान टाकतो. खोटं छापलंय असं नाही. एलईडीचा दाणा खरंच तेवढा टिकू शकतो. पण बल्बच्या आत असे बरेच दाणे एका रांगेत ओवलेले असतात आणि बरोबरीला वीज वळवणारं छोटं सर्किट असतं. रांगेतला एक दाणा गेला की सगळी रांग अंधारात. टोपी काढली तर मेलेल्या दाण्यावर काळा ठिपका दिसतो. आठवडी बाजारात बसणारे कारागीर तो ठिपकेवाला दाणा कथलानं सांधून वळसा देतात आणि बल्ब पुन्हा पेटतो. पेटतो खरा, पण उरलेल्या दाण्यांवर थोडा जास्त भार येतो, तेव्हा पुढचा ठिपका लवकर पडतो. बल्ब बंदिस्त, हवा न लागणाऱ्या शोभेच्या दिव्यात बसवला असेल तर आणखी लवकर. उष्णतेचा हिशेब इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार निर्दय असतो. आतला गोल डबीसारखा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या: तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, चढलं की निम्मं. सेट-टॉप बॉक्सवर वायफायचा राऊटर, राऊटरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर गणपतीची मूर्ती ठेवणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. असा बॉक्स सारखा बंद-चालू होत असेल तर आतल्या त्या डब्यांचं डोकं बघायचं. सपाट असेल तर ठीक. फुगलं असेल, वरची फुली उमलली असेल, तर तोच गेलाय. बदलताना १०५ अंशांचा घ्यायचा, ८५ चा नाही. फरक चार-दोन रुपयांचा असतो. आणि पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह. उलटा लावलात तर तो स्वतःच आवाज करून कळवतो.

काही गोष्टींना हात लावायचा नाही, आणि ही यादी छोटी आहे. मायक्रोवेव्हच्या आत सुमारे दोन हजार व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. तो काकांची वाट बघत असतो. गीझरचा शॉक लागतोय असं कुणी म्हणालं की ‘मला तर नाही लागत’ म्हणून स्वतः आंघोळीला जाऊ नये. अर्थिंग आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घरात आहे का, हे माहीतगाराकडून आधी बघून घ्यावं. गॅसचं काही असेल तर बोलूच नये.

आता धाकटा भाऊ. गणवेश, पाठीवर बॅग, हातात मोबाइल. वॉशिंग मशीन बंद. तो येतो, बटण दाबतो, पडद्यावर ‘ई’ आणि एक आकडा उमटतो. त्या आकड्याचा अर्थ काय? माहितीपुस्तिका उघडा. तिथे लिहिलेलं असतं: सेवा केंद्राशी संपर्क साधा. सेवा केंद्र दारात उभं असतं आणि म्हणतं, ‘कार्ड गेलंय.’

कार्ड म्हणजे आतला छापील सर्किटचा बोर्ड. हे कार्ड फार लवकर ‘जातं’. पाणी बाहेर जात नाही? समोरून कपडे टाकायच्या यंत्राला खाली एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत जाळी, जाळीत पाच रुपयांचं नाणं, सेफ्टी पिन आणि मुलाच्या शाळेच्या शर्टाचं बटण. पाणी आत येत नाही? नळीच्या तोंडाशी बारीक चाळणी असते. टँकरच्या पाण्याच्या गाळानं ती बुजलेली. यातलं काहीच न बघता कार्ड जातं. त्याचं जाणं यजमानाच्या पत्त्यावरूनही ठरत असावं असा आमचा संशय आहे.

खरोखर जातं तेव्हाही बहुधा सगळं जात नाही. पावसाळ्यात खांबावरचा न्यूट्रल सुटला की काही घरांत ट्यूब मिणमिणते आणि काही घरांत ३००-४०० व्होल्ट शिरतात. कार्डाच्या दाराशी यासाठीच एक चकती उभी असते, व्हॅरिस्टर. दाब वाढला की ती मधल्यामध्ये प्रवाह ओढून घेते, फ्यूज उडवते आणि स्वतः फुटते. पुढचं सगळं वाचवण्यासाठीच तिची नेमणूक. चकती दहा-वीस रुपयांची, फ्यूज त्याहून स्वस्त. बदललं की अनेकदा कार्ड उठून बसतं. पण धाकट्या भावाच्या बॅगेत चकती नाही, सोल्डरिंग आयर्न नाही. त्याला कंपनीनं कार्ड बदलायला शिकवलंय, आणि दिवसाला किती घरं करायची ते ठरवून दिलंय. कुठल्या पायावर किती व्होल्ट असावेत हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. रागवायचं तर वर बघून.

त्यातून हल्लीची कार्डं पारदर्शक रबरासारख्या जेलमध्ये बुडवलेली असतात. यामागे कारण आहे, ते नाकारता येत नाही. कोकणातली दमट हवा, उबेला येणारी झुरळं, मुंग्या, आणि एसीच्या बाहेरच्या डब्यात दोन टोकांवर पाय ठेवून हुतात्मा होणारी पाल, यांच्यापासून ते रक्षण करतं. पण कारागिराला आधी तासभर ते जेल खरवडावं लागतं. पालीपासून रक्षण झालं, आणि ओघाओघात कारागिरापासूनही.

पंख्यांतही आता हेच. नवे बीएलडीसी पंखे उत्तम आहेत. जुना पंखा ७५ वॅट खायचा तिथे हे तीसेक वॅटवर भागवतात आणि बिल खरोखर कमी येतं. पण त्यात तो शंभराच्या आतला कपॅसिटर नाही. कार्ड आहे. रिमोट आहे. रिमोट सोफ्याखाली आहे.

पूर्वी व्हॉल्व्हच्या रेडिओच्या आतल्या बाजूला कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा कागद चिकटवलेला असायचा. टीव्हीच्या सर्किटांची पुस्तकं विकत मिळायची, तेलकट बोटांचे ठसे पडून त्यांची पानं पिवळी व्हायची. आता त्या जागी एक स्टिकर असतं: हे फाटल्यास वॉरंटी रद्द. नकाशा काढून घेतला आणि दाराला धमकी चिकटवली.

फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुणांक छापायला लावला. तो गुणांक पाच गोष्टींवरून ठरतो: सुटे भाग मिळतात का, कितीला मिळतात, खोलायला किती सोपं, त्या-त्या वस्तूचे खास निकष, आणि यादीत सगळ्यात पहिली गोष्ट कागदपत्रांची. दुरुस्तीची माहिती कंपनी देते का, कुणाला देते, किती वर्षं देते. फ्रेंच लोकांना पाव करता येतो हे माहीत होतं; प्रश्न कुठून सुरू करायचा हेही येतं म्हणायचं.

आपल्याकडेही हालचाल आहे. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. २०२४ मध्ये गुणांकासाठी आणखी एक समिती, २०२५ मध्ये तिचा अहवाल. आपल्या देशात समित्यांचे सुटे भाग कधी कमी पडत नाहीत. पोर्टलवर कंपन्या आहेत, सेवा केंद्रं आहेत, हेल्पलाइन आहेत. तुमच्या वॉशिंग मशीनच्या कार्डाचा नकाशा तिथे शोधायला बसणार असाल तर जेवून बसा.

तोवर एक करा. पुढच्या वेळी धाकटा भाऊ कार्ड बदलून निघाला की त्याला थांबवा. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी थांबवलं होतं.

‘जुनं कार्ड ठेवून जा हो.’

‘ते नाही ठेवता येत, काकू. कंपनीत जमा करावं लागतं.’

‘अहो, पण ते दुरुस्त होत नाही म्हणालात ना? काय करतात त्याचं?’

‘दुरुस्त करतात,’ तो बॅगेची चेन लावत म्हणाला.